१७० डॉलर : स्कलिव्हिलहून आयर्लंडला गेलेल्या देणगीची कथा

१/
२३ मार्च १८४७. आजच्या अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात असलेल्या स्कलिव्हिल या लहानशा वसाहतीत एक सभा भरली. सभेला चॉक्टॉ या मूलनिवासी राष्ट्राचे लोक होते; काही मिशनरी, व्यापारी आणि अमेरिकी सरकारचे अधिकारीही होते. मेम्फिस शहरातील मदत समितीचे परिपत्रक तिथे वाचून दाखवण्यात आले. अटलांटिक महासागरापलीकडे आयर्लंड नावाच्या बेटावर माणसे भुकेने मरत होती. सभा संपली तेव्हा १७० डॉलर जमा झाले होते. ज्या चॉक्टॉंनी या रकमेत आपली भर घातली, त्यांना सोळा वर्षांपूर्वी स्वतःच्याच भूमीतून हाकलून देण्यात आले होते. परक्या देशातील अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याच्या इतिहासातील हे एक विलक्षण पान आहे.

२/
प्रथम आयर्लंडची अवस्था पाहू. १८४१ च्या जनगणनेनुसार या बेटाची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. जमीन मोजक्या जमीनदारांच्या हाती होती आणि त्यांतील अनेक जण इंग्लंडमध्ये राहत. कुळांच्या वाट्याला येणारा तुकडा इतका लहान असे की त्यावर कुटुंबाचे पोट भरेल असे एकच पीक होते, ते म्हणजे बटाटा. धान्य आणि जनावरे खंड भागवण्यासाठी विकली जात. घरात शिजे तो बटाटाच. सुमारे ३० लाख लोक जवळजवळ केवळ त्याच्यावर जगत होते. १८४५ च्या सप्टेंबरात या पिकावर करपा पडला. शेते काही दिवसांत काळी पडली, जमिनीतून काढलेले बटाटे कुजले. १८४६ मध्ये जवळजवळ संपूर्ण पीक गेले. पुढचे वर्ष आयरिश स्मृतीत ‘काळे सत्तेचाळीस’ म्हणून कोरले गेले.

३/
आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्या संयुक्त राज्याचा भाग होता. त्याचे प्रतिनिधी लंडनच्या संसदेत बसत. आरंभी पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून मका मागवला. १८४६ च्या उन्हाळ्यात जॉन रसेल यांचे सरकार आले. बाजाराच्या व्यवहारात सरकारने हात घालू नये, हे तत्त्व या सरकारने फार कठोरपणे पाळले. भुकेल्यांसाठी रस्त्यांची दुष्काळी कामे निघाली. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांहून अधिक माणसे खडी फोडत आणि माती वाहत होती. मजुरी मात्र वाढत्या धान्यभावापुढे अपुरी पडत होती. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे निर्यात होत राहिली. या पार्श्वभूमीवर बाहेरच्या जगातून देणग्या येऊ लागल्या.

४/
या देणग्यांचा पहिला मोठा ओघ भारतातून सुरू झाला, ही गोष्ट आज फारशी कोणाला ठाऊक नसते. करप्याची बातमी जहाजाने आणि सुएझच्या खुश्कीच्या टप्प्याने वर्षअखेरीस कलकत्त्यात पोहोचली. १८४६ च्या आरंभी तिथे निधी समिती उभी राहिली आणि तिने सुमारे १४,००० पौंड जमवले. वर्गणी देणाऱ्यांत मोठे अधिकारी होते, तसेच साधे सैनिकही होते. त्याचे कारण उघड आहे. त्या काळी ब्रिटिश सैन्यातील सुमारे ४० टक्के शिपाई आयरिश होते. घरची उपासमार टाळण्यासाठी ज्याने पलटणीत नाव घातले, तोच बंगालच्या छावणीतून आपल्या पगारातील पैसे गावाकडे पाठवत होता. त्याच्या बरोबरीने हिंदुस्थानी देणगीदारांचीही नावे यादीत चढली. मुंबईतही असाच निधी उभा राहिला.

५/
पैसा समुद्रापार जात तरी कसा असे? नाण्यांची पेटी जहाजावर चढवणे धोक्याचे होते आणि खर्चाचेही. त्यासाठी व्यापाऱ्यांची जुनी युक्ती कामाला येई. एका गावच्या पेढीवर रक्कम भरायची, कागद घ्यायचा, आणि दुसऱ्या गावच्या पेढीने तो कागद पाहून रक्कम द्यायची. पेशवाईत पुण्याहून काशीला पैसा याच रीतीने जाई. त्या कागदाला हुंडी म्हणत. युरोपातील व्यापारी पेढ्यांची हुंडीही तत्त्वतः अशीच होती. कागद पुढे सरके आणि पैसा जागच्या जागी राहून हिशेबात फिरे. या साऱ्याचा पाया विश्वासाचा होता. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसत. मधली पेढी आणि मधली समिती या दोघांना दोघेही ओळखत.

६/
म्हणूनच १८४७ च्या मदतीचा खरा कणा समित्यांचा होता. डब्लिनमध्ये क्वेकर पंथीयांची मध्यवर्ती समिती नोव्हेंबर १८४६ मध्ये स्थापन झाली. क्वेकर संख्येने थोडे होते, परंतु व्यापारात मुरलेले आणि हिशेबाला चोख. मदत देताना ते धर्म विचारत नसत. १ जानेवारी १८४७ रोजी लंडनमध्ये बँकर आणि व्यापारी एकत्र आले व ब्रिटिश रिलीफ असोसिएशन जन्माला आली. लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड तिच्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेने चार लाखांहून अधिक पौंड वाटले. रोममधून पोप नववे पायस यांनी १,००० रोमन क्राउन दिले आणि मार्च १८४७ मध्ये जगभरच्या कॅथलिकांना मदतीचे आवाहन करणारे परिपत्रक काढले.

७/
देणगीच्या आकड्यांभोवती दंतकथा लवकर जमतात. राणी व्हिक्टोरियाने दुष्काळासाठी अवघे पाच पौंड दिले, असे आयर्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. प्रत्यक्षात तिने २,००० पौंड दिले. रिलीफ असोसिएशनच्या यादीतील ती सर्वांत मोठी वैयक्तिक देणगी होती. तरीही पाच पौंडांची कथा टिकली, कारण लोकांच्या मनातील राग खरा होता आणि त्याला एखादा आकडा हवा होता. दोन हजार पौंड देणाऱ्या राणीच्या नावाने चालणारे सरकार लाखोंना उपाशी ठेवत असेल, तर लोकस्मृती त्या देणगीचा हिशेब आपल्या पद्धतीने लावते.

८/
दुसरी दंतकथा तुर्कस्तानची. उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी १,००० पौंड दिले, हे निश्चित आहे. आयर्लंडमधील प्रतिष्ठितांनी त्यांना पाठवलेले आभारपत्र तुर्की दप्तरखान्यात जतन झालेले आहे. सुलतानांना १०,००० पौंड द्यायचे होते, परंतु राणीपेक्षा मोठी देणगी देणे शिष्टाचाराला धरून नाही म्हणून ती रक्कम घटवली गेली, ही हकीकत त्या काळापासून सांगितली जाते. सुलतानाची धान्याची जहाजे ड्रॉहेडा बंदरात गुपचूप आली आणि कृतज्ञतेपोटी त्या शहराने आपल्या चिन्हात चंद्रकोर व तारा घेतला, हा पुढचा भाग मात्र टिकत नाही. ती चंद्रकोर शहराच्या चिन्हात दुष्काळाच्या कितीतरी शतके आधीपासून आहे.

९/
अमेरिकेत फेब्रुवारी १८४७ मध्ये वॉशिंग्टन येथे मोठी सभा झाली. उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज डॅलस अध्यक्षस्थानी होते. गावोगावी समित्या स्थापन करण्याचे आवाहन तिथूनच निघाले. पाच लाख डॉलर सरकारी मदत देण्याचा प्रस्ताव संसदेत आला, पण तो पूर्णत्वास गेला नाही. परदेशी माणसाच्या दयेसाठी सार्वजनिक तिजोरी उघडता येते का, असा घटनात्मक आक्षेप घेतला गेला. मेक्सिकोशी युद्ध चालू असतानाही संसदेने दोन युद्धनौका मात्र मदतकार्याला दिल्या. त्यांपैकी ‘जेम्सटाउन’ २८ मार्च १८४७ रोजी बॉस्टनहून निघाली. कप्तान रॉबर्ट बेनेट फोर्ब्ज यांनी तोफांच्या जागी सुमारे ८०० टन अन्नधान्य भरले होते. पंधरा दिवसांत ती कॉर्कच्या बंदरात पोहोचली. स्कलिव्हिलची सभा ‘जेम्सटाउन’ सुटण्याच्या पाचच दिवस आधी झाली होती.

१०/
आता चॉक्टॉंकडे वळू. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला, आजच्या मिसिसिपी राज्यात, त्यांची पिढीजात भूमी होती. तिथे ते मका पिकवत, गावे वसवून राहत. कापसाच्या लागवडीसाठी गोऱ्या वसाहतकारांना ती काळी जमीन हवी होती. मे १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी मूलनिवासींना पश्चिमेकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘डान्सिंग रॅबिट क्रीक’ येथे झालेल्या तहाने चॉक्टॉंची सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन गेली. त्या कायद्याखाली स्थलांतर घडवलेले ते पहिले राष्ट्र ठरले. १८३१ ते १८३३ या हिवाळ्यांत हजारो माणसे थंडी, उपासमार आणि पटकीला बळी पडली. पुढे चेरोकींसह इतर राष्ट्रांनाही याच वाटेने नेण्यात आले. इतिहासात ती ‘अश्रूंची वाट’ म्हणून ओळखली जाते.

११/
१८३१ च्या हिवाळ्यात मेम्फिसजवळ नदी ओलांडणाऱ्या चॉक्टॉंच्या एका तांड्याला एक फ्रेंच तरुण किनाऱ्यावरून पाहत होता. त्याचे नाव अलेक्सी द तॉकव्हिल. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. तांड्यात म्हातारे होते, जखमी होते, नुकतीच जन्मलेली मुले होती. कोणी रडत नव्हते, आणि ती शांतता त्याच्या मनातून कधी गेली नाही. हाच तॉकव्हिल १८३५ मध्ये आयर्लंडला गेला आणि तिथल्या कुळांचे दारिद्र्य पाहून हादरला. दोन्ही जागी त्याने एकच गोष्ट पाहिली होती. जमीन हातातून गेली की माणूस किती लवकर उघड्यावर येतो, ही ती गोष्ट. सोळा वर्षांनी आयर्लंडसाठी मदत मागणारे परिपत्रक चॉक्टॉंकडे आले, तेही त्याच मेम्फिसहून.

१२/
स्कलिव्हिल या नावातही एक अर्थ दडलेला आहे. चॉक्टॉ भाषेत नाण्याला, पैशाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. सरकारी एजंटाची कचेरी तिथे होती आणि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात ठरलेली वार्षिक रक्कम तिथेच वाटली जाई. म्हणजे ते अक्षरशः ‘पैशाचे गाव’ होते. ज्या ठिकाणी गमावलेल्या मातृभूमीची किंमत हप्त्याहप्त्याने हातावर ठेवली जात होती, त्याच ठिकाणी २३ मार्च १८४७ रोजी त्या हातांनी पैसे परत टाकले, परक्या देशातील भुकेल्यांसाठी. सभेचे अध्यक्षपद एजंट विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याकडे होते.

१३/
रक्कम नक्की किती होती? आर्कान्सामधील समकालीन वृत्तपत्राने एप्रिल १८४७ च्या आरंभी १७० डॉलर असा आकडा छापला. विसाव्या शतकातील लेखनात मात्र ७१० डॉलर हा आकडा शिरला आणि पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. अंकांची अदलाबदल एवढ्यानेच देणगी चौपटीहून मोठी झाली. आज समकालीन नोंदीलाच प्रमाण मानले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक साधा धडा मिळतो. गोष्ट जितकी हृदयस्पर्शी, तितकी तिची मूळ नोंद शोधण्याची गरज अधिक. आकडा लहान झाला म्हणून ही गोष्ट लहान होत नाही.

१४/
सभेत जमलेली ही रक्कम अमेरिकेतील मदत समित्यांच्या साखळीत जाऊन मिळाली. न्यूयॉर्कची समिती देणग्यांतून मका, पीठ आणि इतर धान्य विकत घेई आणि ते जहाजाने आयर्लंडला धाडी. तिकडे डब्लिनचे क्वेकर त्याचे वाटप करीत. नाणी पाठवून आयर्लंडमध्ये धान्य घेण्यात अर्थ नव्हता, कारण तिथे भाव आधीच भडकले होते. आणखी पैसा ओतला असता तर ते आणखी चढले असते. अमेरिकेत पीक उत्तम होते. म्हणून पैसा जिथे स्वस्त धान्य मिळे तिथेच खर्च होई आणि पलीकडे अन्न जाई. मदतीच्या धान्याचे जहाजभाडे ब्रिटिश सरकारने उचलले. चॉक्टॉंच्या नाण्यांतून आलेला मका नेमका कोणत्या चुलीवर शिजला, हे सांगता येणार नाही. सामूहिक निधीत मिसळलेल्या दानाचे स्वरूपच तसे असते.

१५/
या कथेला केवळ संतांची कथा करणे सोपे आहे, पण इतिहास त्याला मान्यता देत नाही. ज्यांच्या सहीने चॉक्टॉ देशोधडीला लागले, त्या अँड्र्यू जॅक्सन यांचे आईवडील आयर्लंडच्या उत्तर भागातून अमेरिकेत आलेले होते. दुसरीकडे, चॉक्टॉंमधील सधन कुटुंबे स्वतः आफ्रिकी वंशाचे गुलाम बाळगत. त्यांच्या राष्ट्रातील गुलामगिरी १८६६ च्या तहानेच संपली. भोगलेले दुःख माणसाला आपोआप न्यायी बनवत नाही. ते कधी त्याचे मन उघडते, कधी नाही. त्याच समाजात दोन्ही गोष्टी एका वेळी घडू शकतात. २३ मार्चच्या सभेचे मोल समजून घ्यायचे तर हे गुंतागुंतीचे सत्य बाजूला ठेवून चालणार नाही.

१६/
व्यवहाराच्या तराजूत टाकले तर १७० डॉलर म्हणजे सुमारे ३५ पौंड. लाखो भुकेल्यांपुढे तो अक्षरशः खारीचा वाटा. मराठी मनाला सुदाम्याच्या पोह्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु सुदामा पोहे घेऊन जातो तो वैभवशाली मित्राकडे. इथे दोन्ही बाजूंना अभाव होता. चॉक्टॉंना आयरिशांकडून काही मिळण्याची आशा नव्हती. आयरिशांकडे देण्यासारखे काही उरलेच नव्हते. नाते नाही, धर्म एक नाही, भाषा एक नाही, राज्य एक नाही. कलकत्त्याच्या आयरिश शिपायाच्या देणगीमागे रक्ताचे नाते होते, पोपच्या देणगीमागे धर्माचे. स्कलिव्हिलमध्ये यांपैकी काहीच नव्हते. भुकेने रिकाम्या झालेल्या गावाचे चित्र चॉक्टॉंना मात्र परके नव्हते.

१७/
इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. जगभरातून एवढे दान आले, तरी सुमारे १० लाख माणसे मेली आणि १० लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८५१ च्या जनगणनेत लोकसंख्या ६५ लाखांच्या आसपास उतरली होती. दान तोकडे पडले, कारण दुष्काळ हे दानाने पेलण्याचे ओझेच नव्हते. ब्रिटिश कोषागाराने सर्व वर्षे मिळून सुमारे ८० लाख पौंड खर्च केले आणि त्यातील बराच भाग कर्ज म्हणून दिला. त्याच संसदेने १८३३ मध्ये गुलामांच्या मालकांना भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले होते. तिजोरी रिकामी नव्हती.

१८/
सरकारला काय करता आले असते, याचा पुरावा खुद्द १८४७ मध्येच मिळतो. दुष्काळी कामे बंद करून त्या उन्हाळ्यात सरकारने अन्नछत्रे चालवली आणि जुलैमध्ये रोज सुमारे ३० लाख लोकांना शिजवलेले अन्न मिळू लागले. मृत्यू घटले. मग शरद ऋतूत दुष्काळ संपल्याचे जाहीर करून ती बंद करण्यात आली आणि सारा भार आयर्लंडच्याच स्थानिक करांवर टाकला गेला. पाव एकरहून अधिक जमीन धरणाऱ्या कुळाला मदत हवी असेल तर त्याने आधी जमीन सोडावी, असा नियम झाला. हजारो कुळे बेदखल झाली. कोषागाराचे प्रमुख अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी जानेवारी १८४८ मध्ये या संकटाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात ते जणू आटोपल्यासारखेच मांडलेले होते.

१९/
या धोरणाला सर्वांत परखड उत्तर दिले ते दानशूरांनीच. जून १८४९ मध्ये क्वेकरांनी पुन्हा मदतकार्य हाती घ्यावे म्हणून सरकारने त्यांना १०० पौंड देऊ केले. क्वेकरांनी नकार दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की संकट खाजगी प्रयत्नांच्या पलीकडे गेले आहे. लोकांचे प्राण वाचवण्याइतका पैसा उभारणे आणि तशी व्यवस्था करणे केवळ सरकारलाच शक्य आहे. त्यांचे अनेक कार्यकर्ते रोगराईने आणि श्रमाने खचले होते, काही मृत्युमुखी पडले होते. दानाची मर्यादा त्यांनी स्वतः अनुभवली होती, म्हणूनच दानाचा पडदा करून कर्तव्य टाळणाऱ्या सत्तेला त्यांनी नकार ऐकवला.

२०/
या विचारसरणीची पावले पुढे हिंदुस्थानात उमटली. ट्रेव्हेल्यन नंतर मद्रासचे गव्हर्नर झाले आणि मग हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खन होरपळत असताना रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली आणि या मजुरीविरुद्ध आवाज उठवला. १८७७ मध्ये लंडनच्या लॉर्ड मेयरांच्या निधीत पाच लाखांहून अधिक पौंड जमले. सामान्य ब्रिटिश माणसाने हात सैल सोडला होता, सरकारने आवळला होता. आयर्लंडचाच पाठ पुन्हा गिरवला गेला.

२१/
आयर्लंडला वाचवणारा सर्वांत मोठा ओघ पुढे वेगळ्याच दिशेने आला. जे लोक देश सोडून अमेरिकेत गेले, त्यांनी घरी पैसे धाडायला सुरुवात केली. सरकारी नोंदीनुसार उत्तर अमेरिकेतून आलेली अशी रक्कम १८४८ मध्ये ४,६०,००० पौंड होती. १८५४ मध्ये ती १७,३०,००० पौंडांवर पोहोचली. मोलकरणी, हमाल, कालवे खणणारे मजूर यांच्या घामाचा हा पैसा होता. न्यूयॉर्कमध्ये १८५० साली स्थलांतरितांसाठी स्वतंत्र बचत बँक निघाली. ‘अमेरिकेचे पत्र’ आले की गावात गर्दी होई, कारण पाकिटात बहुधा रक्कम असे किंवा धाकट्या भावंडासाठी जहाजाचे तिकीट. कोकणातील गावांनी मुंबईच्या मनिऑर्डरची आणि गोव्यातील घरांनी आफ्रिकेहून येणाऱ्या पैशाची वाट अशीच पाहिली आहे.

२२/
स्कलिव्हिलची देणगी मधल्या काळात बव्हंशी विस्मरणात गेली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती पुन्हा उजेडात आली. १९९० मध्ये चॉक्टॉ प्रतिनिधी आयर्लंडच्या मेयो परगण्यात डूलॉख खोऱ्यातील पदयात्रेत सहभागी झाले. १८४९ मध्ये मदतीच्या आशेने त्या खोऱ्यातून चालत गेलेली माणसे वाटेतच कोसळली होती. १९९२ मध्ये काही आयरिश स्त्रीपुरुष अमेरिकेत जाऊन ‘अश्रूंच्या वाटे’वरून उलट दिशेने, चॉक्टॉंच्या मूळ भूमीकडे चालत गेले आणि त्यांनी त्यातून निधी उभारला, तो सोमालियातील दुष्काळग्रस्तांसाठी. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी ओक्लाहोमात जाऊन चॉक्टॉंचे आभार मानले.

२३/
कॉर्क परगण्यातील मिडलटन गावी जून २०१७ मध्ये या देणगीच्या स्मारकाचे औपचारिक अनावरण झाले. शिल्पकार ॲलेक्स पेंटेक यांनी पोलादात घडवलेली गरुडाची नऊ पिसे वर्तुळात उभी आहेत. सुमारे २० फूट उंचीची ती पिसे मिळून एका रिकाम्या वाडग्याचा आकार धरतात. अनावरणाला चॉक्टॉंचे प्रमुख गॅरी बॅटन उपस्थित होते. दुसऱ्या वर्षी आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर ओक्लाहोमात गेले आणि चॉक्टॉ विद्यार्थ्यांना आयर्लंडमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. वराडकर यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातील. कोकणातले वराड हे त्यांचे गाव.

२४/
२०२० मध्ये करोनाच्या साथीने अमेरिकेतील नवाहो आणि होपी या मूलनिवासींच्या वस्त्या ग्रासल्या. पाणी आणि अन्न पोहोचवण्यासाठी तिथल्या कार्यकर्त्यांनी निधी सुरू केला. अचानक देणगीदारांच्या यादीत आयरिश आडनावे दिसू लागली. हजारो लोकांनी लहान लहान रकमा पाठवल्या. अनेकांनी सोबत १८४७ चे ऋण नमूद केले. हुंडी, पेढी आणि जहाज यांची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली होती आणि आठवड्यांचा प्रवास काही क्षणांवर आला होता. यात एक बारीक गोष्ट सहज निसटते. नवाहो आणि होपी ही चॉक्टॉंहून वेगळी राष्ट्रे आहेत. १८४७ मध्ये पैसे देणारे ते नव्हते.

२५/
मराठी घरांत लग्नाच्या अहेराची वही ठेवण्याची रीत आहे. कोणी किती दिले ते लिहून ठेवायचे आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे परत करायचे. हिशेब चुकता होतो आणि व्यवहार संपतो. स्कलिव्हिलच्या १७० डॉलरचा हिशेब असा कधी चुकता झाला नाही. १९९२ मध्ये त्याची फेड सोमालियाला गेली, २०२० मध्ये नवाहो आणि होपींना. मूळ देणाऱ्यांच्या दारी शिष्यवृत्ती आली आणि आभारही आले, तरी ऋण मात्र पुढेपुढेच सरकत राहिले. त्या देणगीने आयर्लंडचा दुष्काळ हटला नाही आणि सरकारचे कर्तव्यही भागले नाही. तिला तेवढे बळ नव्हते. ती आयर्लंडच्या वहीत आजही लिहिलेली आहे, आणि वही अजून मिटलेली नाही.